सुलेंद्री देवळांना निघाली तो दिवस

तिचं खरं नाव कोमांग वारती. पण हे नाव घेऊन गुहेच्या देवळासमोर कुणी चौकशी केली तर लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहतील. "कोण वारती? इथे नाही कुणी वारती." मग एखादीला आठवेल, "अगं, मेन सुलेंद्रीला विचारतायत!" मेन म्हणजे आई. आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव गेलं खुंटीला. मग ती जन्मभर अमक्याची आई. मूल परगावी गेलं, भांडून वेगळं झालं, अगदी मेलं, तरी आई त्याच नावाची.

सुलेंद्रीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी दिवस उजाडला की हाका सुरू. "मेन सुलेंद्री, उदबत्ती दे." "मेन सुलेंद्री, सुट्टे आहेत का गं?" आणि ती आपली "हो" म्हणायची. पहिले काही महिने प्रत्येक हाकेला तिला गलबलून यायचं. पुढे सवय झाली असं ती सांगायची. मला विचाराल तर असल्या गोष्टीची सवय कुणाला होत नाही. माणूस रडं गिळायला शिकतं, एवढंच.

तिचं दुकान म्हणजे देवळासमोरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला, वडाखाली टाकलेलं बाकडं. त्यावर झावळीचे विणलेले द्रोण, द्रोणात फुलं, तांदळाचे दाणे, विड्याच्या पानाचा तुकडा. शेजारी उदबत्त्या आणि काड्यापेट्या. कमरेला शेला बांधायला विसरून येणाऱ्या वेंधळ्यांसाठी भाड्याचे शेले. रस्त्याच्या एका अंगाला काळ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला देऊळ, देवळात गुहा, गुहेत मोजता येणार नाहीत एवढी वटवाघळं. वारा फिरला की नवखी माणसं नाक धरतात. मेन सुलेंद्रीला तो वास जेवतानाही कळायचा नाही.

शेजारची मासेवाली म्हणायची, या देवळाला जिवंतांपेक्षा मेलेलेच जास्त येतात. ते काही अगदीच खोटं नाही. माणूस जाळला, राख समुद्रात सोडली, म्हणजे आमचं काम संपत नाही. त्याच्या जिवाला परत बोलवायचं, झावळीच्या टोपलीत नारळ ठेवून त्यात बसवायचं, पांढरं-पिवळं वस्त्र नेसवायचं, फुलं खोवायची, आणि मग त्याला घेऊन देवळांना निघायचं. आधी समुद्राकाठच्या देवाला दाखवायचा, मग डोंगरावरच्या. देवांनी बघितला की घरी आणून अंगणातल्या देवघरात कायमचा बसवायचा. तिथे तो पूर्वज झाला, सुटला. तोवर बिचारा जीव उंबऱ्यावर ताटकळलेला.

किनाऱ्यावरची पूजा आटोपली की ही मंडळी झांजा वाजवत रस्ता ओलांडतात, ती नेमकी तिच्या बाकड्यासमोरून. कुणी टोपली डोक्यावर घेतलेली, कुणी खांद्याच्या झोळीत, कुणी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली. मेन सुलेंद्री त्यांचे चेहरे बघायची नाही, हात बघायची. धसमुसळेपणानं धरणारा कुणी दिसला की तिचा जीव वरखाली व्हायचा. "अरे नीट धर की बाबा, माणूस आहे ते!" असं ती पुटपुटायची, आणि मासेवाली हसायची.

तिला या जन्मी आता एकच हवं होतं. सुलेंद्री या रस्त्यानं जाईल तेव्हा तिला एकदा हातात धरायचं. नमस्कार नाही, पूजा नाही. थोरल्यांनी धाकट्यांच्या पाया पडायचंच नसतं आमच्यात. नुसतं धरायचं. कारण एकदा ती पोर बापाच्या देवघरात बसली की विषयच मिटला. त्या अंगणात हिला पाय ठेवायची सोय नव्हती.

का नव्हती, तेही सांगितलं पाहिजे.

गेदे लात्राबरोबर ती पळून गेली तेव्हा विशीतली होती. पळून जाणं म्हणजे काही बदनामी नव्हे, आमच्याकडे निम्मी लग्नं तशीच होतात. मागून रीतीप्रमाणे तिनं माहेरच्या देवघरासमोर बसून आपल्या पूर्वजांचा निरोप घेतला. आता मी तुमची नाही, त्या घरची. मग सुलेंद्री झाली, बाळंतपण फार जड गेलं, आणि वैदूनं सांगितलं की आता पुढे आशा धरू नका. लात्राला मुलगा हवा होता. देवघरात दिवा कोण लावणार, ही आमच्या पुरुषांची कायमची काळजी, जसे काही हे स्वतः रोज दिवे लावतात! त्यानं दुसरी आणली. दुसरीला वर्षाच्या आत मुलगा झाला. मग सासूच्या बोलण्याला धार चढली. एक दिवस भरल्या ताटावरून सासू म्हणाली, "वांझोट्या झाडाला पाणी घालून घालून हात दुखले माझे." ही ताडकन उठली. "मग तोडा झाड!" म्हणाली आणि एक गाठोडं घेऊन चालती झाली. तापट होती हो ती तेव्हा. फाटकाशी आल्यावर कळलं की गाठोडं नेता येतं, मूल नेता येत नाही. मूल बापाच्या देवघराचं. सुलेंद्री सात वर्षांची, तुळशीएवढी, फाटकाचा खांब धरून उभी होती.

माहेरी थोरला भाऊ वायान केरुग. आम्ही थोरल्या भावाला बेली म्हणतो. हा बेली म्हणजे फणस, तोही न पिकलेला. "आलात राणीसाहेब? जाताना आम्हाला विचारलं नव्हतंत, येताना तरी विचारायचं!" देवघरासमोर बसवून तिला पुन्हा घरात घ्यायचा विधी असतो, तो त्यानं आज करू, उद्या करू म्हणत लांबवला. तोवर ही ना इकडच्या पूर्वजांची ना तिकडच्या. शेवटी म्हातारा बाप उठला आणि म्हणाला, "केरुग, तू नाही बसवलीस तर मी तिला घेऊन त्या वडाखाली राहायला जातो." मग झाला तो विधी. पण टोमणे काही गेले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जातो का?

सुलेंद्री मात्र यायची. शाळा सुटली की पिशवी हलवत बाकड्यापाशी हजर. मेन सुलेंद्री तिच्यासाठी तांदळाचे घावन करून आणायची, वर खोबरं आणि ताडगुळाचा पाक. पोरगी ते बोटं चाटून खायची आणि वर अक्कल शिकवायची. "मेमे, तू या फुलांवर पाणी मारतेस ना, त्यातलं थोडं स्वतःच्या तोंडावर पण मारत जा. गिऱ्हाईक पळतंय." मेमे म्हणजे आई, हाक मारायची आई. "पळू दे. तू कशाला येतेस मग?" "घावनासाठी. तुझ्यासाठी कोण येतंय!" आणि दोघी हसायच्या. मोठी झाल्यावर दक्षिणेला एका हॉटेलात कामाला लागली, स्कूटर घेतली, तरी सुट्टीला गावी येताना आधी इथे थांबायची, मग बापाच्या घरी. एकोणिसाव्या वर्षी तिला डासांचा ताप चढला. चारच दिवसांत संपलं सगळं.

त्या घरून निरोप आलाच नाही. मासेवालीला बाजारात कळलं, ती धावत सांगायला आली. मेन सुलेंद्री पोचली तेव्हा अंघोळ घालून झाली होती. सवतीनं घातली होती. केस विंचरून भांग पाडला होता, तो उजवीकडून. सुलेंद्री जन्मात कधी उजवीकडून भांग पाडायची नाही. आईनं हात पुढे केला, तेवढाच भांग नीट करायला, तर सासू कडाडली, "हात लावू नकोस! सोडून गेलीस तेव्हा नाही आठवला भांग?" दहा बायकांसमोर. तिनं हात मागे घेतला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. पोरीला गावाच्या रीतीनं तात्पुरतं पुरलं, कारण गावाचं सामूहिक दहन व्हायला अजून अवकाश होता. एकट्या पोरीसाठी एवढा मोठा विधी कोण मांडणार? ती तीन वर्षं मातीत राहिली. मग गावाच्या दहनात तिची हाडं काढून जाळली, तेव्हाही आई गर्दीत लांब उभी होती.

मग एके दुपारी लात्रा बाकड्यापाशी आला. चांगला पिकला होता, पोट सुटलं होतं. उगाच उदबत्तीचा पुडा उलटापालटा करत बसला.

"पौर्णिमेला आणतोय तिला इथे," तो म्हणाला. "भावकीतले आणखी काही आहेत बरोबर. इथून वर डोंगरावर, मग घरी."

ती द्रोण विणत होती, हात थांबले नाहीत. "बरं."

"आई म्हणाली, तुला सांग म्हणून."

"तुझी आई म्हणाली?"

"म्हातारी झालीय ती आता. रात्रीची उठून बसते. म्हणते, त्या दिवशी मी तिला हात लावू दिला नाही." त्यानं पुडा खाली ठेवला. "यायचंस तर ये. शेला बांधून तयार राहा. कुणी काही बोलणार नाही, मी बघतो."

"तू बघणार! आयुष्यात कधी काही बघितलंस का तू?" ती म्हणाली. पण तो गेल्यावर तिनं मासेवालीचा हात असा घट्ट धरला की बिचारीच्या बांगड्या रुतल्या.

पौर्णिमा येईपर्यंत ती माणसात नव्हती. पांढरा झगा धुऊन वाळवला, पुन्हा धुतला. केरुग बघत होता. "लग्न आहे का परत?" तो म्हणाला. मग संध्याकाळी स्वतःच माडावर चढून दोन शहाळी काढली आणि तिच्यापुढे आदळली. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आमच्या घराचं नाव जाईल." असं बोलायचा तो. प्रेमाचं बोलायची वेळ आली की त्याला घराचं नाव आठवायचं.

म्हातारा बाप तोवर अंथरुणाला खिळला होता. कान गेलेले, आठवण गेलेली. कोंबड्यांची झुंज तेवढी आठवायची, आणि सुलेंद्री. ती मेली हे त्याच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. रोज संध्याकाळी विचारायचा, "पोर आली का?" आणि रोज काहीतरी सांगावं लागायचं. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "उद्या येणार आहे, बापा." खोटं सांगावं लागलं नाही म्हणून तिला किती बरं वाटलं! म्हातारा खूश झाला. "मग मला उठव हो," म्हणाला. "कोंबडा आरवला की उठव."

पहाटे ती उठली. चूल पेटवली, घावन केले, खोबरं खवलं, पाक केला, टोपलीत केळीच्या पानावर नीट रचून वर फडकं झाकलं. वहिनी डुकरांचं खाणं आटोपून तांबडं फुटायच्या आत बाजाराला गेली होती. कोंबडा आरवला. ती बापाला उठवायला पडवीत गेली.

म्हातारा तोंड उघडं टाकून पडला होता. तिनं हलवलं. पाय गार लागले.

ती ओरडली नाही. तिनं त्याचे डोळे मिटले, हनुवटी वर करून धरली, हात सरळ केले. हे सगळं हातांनी आपोआप केलं. आणि मग त्या हातांकडे बघून तिला कळलं की काय झालंय.

आमच्याकडे सुतक फार कडक. घरात माणूस गेला की घरच्यांनी देवळाच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही. देवळांना निघालेल्या जिवाच्या वाटेत तर नाहीच नाही. त्याला विटाळ झाला तर सगळं पुन्हा मुळापासून. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं.

केरुग बाहेर आला. बापाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. वाटलं, आता हा हंबरडा फोडणार. पण त्यानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं बोळा काढला.

"ऊठ," तो म्हणाला.

"बेली, बापा..."

"मला दिसतंय. मी आंधळा नाही. ऊठ, तोंड धू आणि कपडे कर."

"सुतक आहे मला."

"कुणी सांगितलं? मेल्याची खबर द्यायला चौकातला घणघणा वाजला का? पुजाऱ्याला कळलं का? तोंडातून बाहेर पडल्याशिवाय सुतक नसतं, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही." तो खालच्या आवाजात पण अगदी रागानंच बोलत होता. "गावची जत्रा असली की लोक आपली मढी तीन तीन दिवस झाकून ठेवतात. तेव्हा चालतं ना देवाला? मग मी माझ्या बापाला अर्धा दिवस झाकला तर कुणाच्या बापाचं काय जातं? तू जा. पोरीला धर. परत ये. मग मी म्हणेन, दुपारी गेला."

"त्याच्यापाशी कुणी रडायचंसुद्धा नाही तोवर?"

"मी बसतो त्याच्यापाशी." केरुगनं तिच्याकडे पाठ केली. "तेव्हा तुझा विधी मी लांबवला होता. दोन वर्षं. विसरलो नाही मी. जा म्हणतो ना!"

हा माणूस पंचवीस वर्षांत तिच्याशी एक सरळ वाक्य बोलला नव्हता. आणि बोलला तो असा, बापाच्या मढ्यासमोर. ती उठली. अंघोळ केली, दोनदा केली. हळदीच्या पाण्यानं हात धुतले. पांढरा झगा घातला, शेला बांधला. घावनांची टोपली उचलायला गेली आणि थांबली. चूल पेटवली तेव्हा पडवीत तो जिवंत होता की नव्हता? कोण सांगणार? मढ्याच्या घरचं अन्न पोरीपुढे कसं ठेवायचं? तिनं टोपली तिथेच सोडली. शहाळीही सोडली. मनाशी म्हणाली, अन्न नाही तर नाही, नुसती धरीन.

वाटेत तिनं आणखी एक वाटाघाट केली. देवळात नाही जायचं. दाराच्या आत पाऊल नाही टाकायचं. रस्त्यावरच धरायची, दोन पावलं चालायचं, आणि देऊन टाकायची. रस्ता काय कुणाचा, रस्त्यावरून तर ट्रकही जातात. बाकड्यापाशी पोचली तेव्हा तिनं दुकान उघडलं नाही. मासेवालीनं विचारलं, "अगं, हात रिकामे कसे? घावन कुठायत?" ती म्हणाली, "करपले."

मंडळी आली. दोन ट्रक भरून माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. किनाऱ्यावर पूजा चालली होती, ती रस्त्याच्या अलीकडून बघत होती. कुणाचे आजोबा, कुणाची काकू, कुणाचा बुडून गेलेला मुलगा, अशा टोपल्या ओळीनं मांडलेल्या. त्यात सुलेंद्री कोणती ते लांबून कळेना. मग घंटी थांबली, झांजा सुरू झाल्या, सगळ्यांनी आपापली माणसं उचलली आणि रांग रस्त्याकडे वळली. ट्रकवाले थांबून राहिले.

सुलेंद्री आजीकडे होती. म्हातारी वाकली होती, नातवाच्या खांद्याचा आधार घेत चालत होती, पण झोळी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. पिवळ्या वस्त्राच्या वर पांढऱ्या चाफ्याचं एक फूल खोचलेलं, आणि तेसुद्धा डावीकडे. बाकड्यासमोर येऊन म्हातारी थांबली. तिच्यामागे सगळी रांग थांबली.

"आलीस ना," म्हातारी म्हणाली. धाप लागली होती. "मला वाटलं, माझ्यावरचा राग पोरीवर काढतेस की काय. घे. देवळापर्यंत तूच ने. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

आणि तिनं झोळी सोडवून टोपली पुढे केली.

मेन सुलेंद्रीचे हात वर आले. टोपलीला लागायला वीतभर राहिले असतील. ते हात तिला दिसले. याच हातांनी मघाशी हनुवटी धरली होती. पोरगी तीन वर्षं मातीत राहिली, जळली, समुद्रात गेली, आता कुठे धुवून पुसून लख्ख होऊन निघाली आहे, दोन देवळं उरलीत, आणि आपण तिला काय लावणार आहोत? केरुग म्हणाला, तोंडातून निघालं नाही तर सुतक नाही. असेलही. गावाला नसेल. पण सुलेंद्रीला कळणार नाही का? ती आता जिथे आहे तिथून तर सगळं दिसत असेल. तिचा आजा तिला भेटलासुद्धा असेल.

हात खाली आले. एवढंच नाही, ती एक पाऊल मागे सरकली.

"नको, मेमे," ती म्हणाली. सासूलाही आम्ही मेमेच म्हणतो.

"काय नको?"

"तुम्हीच न्या."

"अगं, वेडी का खुळी तू? पाया पड म्हणत नाही मी, धर म्हणतेय! तुझी पोर आहे!"

सुतक आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. जिभेवर आले होते. पण बोलली असती तर काय झालं असतं ते ती चांगलं जाणून होती. रांग तिथेच मोडली असती. सुतकी बाई इतकी जवळ आली कशी, सावली पडली का, वारा लागला का, पुजाऱ्याला बोलवा, मुहूर्त गेला, डोंगरावर जायचं की नाही... आणि बाकीच्यांच्या आजोबा-काकूंचंही अडलं असतं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या त्या सुलेंद्रीच्या नावानं. आईनंच पोरीची वाट अडवली असं जन्मभर बोलले असते. तिनं ओठ मिटले आणि मान हलवली. नाही.

"रिकाम्या हातानं आलीय," मागून सवत कुणाला तरी म्हणाली. "फूलसुद्धा आणलेलं नाही."

लात्रा पुढे आला. "चल आई. उशीर होतोय."

म्हातारीनं टोपली पुन्हा झोळीत घेतली. "तीन वर्षं," ती म्हणाली, "तीन वर्षं मला झोप नाही. वाटायचं, मी एका आईशी फार वाईट वागले. नव्हते वागले. तू आहेसच दगड." आणि ती चालायला लागली.

पूर्ण रांग तिच्यासमोरून गेली. कुणी बघितलं, कुणी बघायचंही टाळलं. मासेवाली तोंडावर हात ठेवून उभी होती. देवळातून घंटी ऐकू आली, पुजाऱ्याचा आवाज, मग सगळ्यांचा मिळून. ती रस्ता ओलांडून पार किनाऱ्याच्या टोकाला गेली, जेवढं लांब जाता येईल तेवढी, आणि तिथून देवळाच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. उन्हात काळी वाळू तापली होती, चपला बाकड्यापाशी राहिल्या होत्या. मंडळी बाहेर आली, ट्रकमध्ये चढली. म्हातारीला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. काचेतून पिवळं वस्त्र जरासं दिसलं. ट्रक डोंगराच्या रस्त्याला लागले.

"जा गं बाई," ती म्हणाली. "सांभाळून जा." मग ती तिथेच वाळूत बसून रडली. मोकळ्या गळ्यानं, बापासाठी आणि पोरीसाठी एकदमच. समुद्राचा आवाज एवढा होता की कुणाला ऐकू गेलं नाही.

ती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पडवीचं दार लावलेलं. केरुग दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. सकाळपासून तसाच. वहिनी बाजारातून आली तेव्हा "बापाला झोप लागलीय, आवाज करू नकोस" म्हणून तिला शेजारी पाठवून दिलं होतं. शेजारचा म्हातारा कोंबड्याच्या गप्पा मारायला आला, त्यालाही हाकलला होता. पाणीसुद्धा प्यायला नव्हता. डोळे लालभडक, पण कोरडे. रडला असता तर कुणी ऐकलं असतं ना.

त्यानं मान वर केली. त्या रांगड्या, तिरसट माणसाच्या तोंडावर ती जन्मात पहिल्यांदा असं काही बघत होती. शाळकरी पोरानं निकाल विचारावा तसं त्यानं विचारलं.

"धरलंस?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. बंद दाराकडे बघितलं. दाराआड तो एकटा, सकाळपासून कुणी न रडलेला.

"धरलं," ती म्हणाली.

"दिलं त्यांनी?"

"सासूनं स्वतः दिलं. देवळाच्या दारापर्यंत मीच नेली."

केरुगनं मोठा श्वास सोडला. मग हळूच, जणू हे विचारू नये पण राहवत नाही अशा आवाजात, म्हणाला, "जड होती का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी खाली बसली. "जन्मली तेव्हा होती ना, तेवढीच."

केरुगनं मान डोलवली, पुन्हा पुन्हा डोलवली. मग तो उठला, पडवीचं दार सताड उघडलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा "बापा!" म्हणून ओरडला.